एका जागी पळणारं जनावर

काकाजींच्या घरात "अंदाजे" हा शब्द बोलायची सोय नव्हती. एखादा पाहुणा ओट्यावर टेकता टेकता म्हणाला, की गाव इथून अंदाजे दोन कोस पडतं, तर त्याच्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या काकाजींच्या हातातच थांबायचा. "दोन कोसाच्या अलीकडं का पलीकडं?" ते विचारायचे. पाहुणा बिचारा उन्हातून आलेला. त्याला अलीकडं-पलीकडं सुचेपर्यंत तांब्या काही पुढं सरकायचा नाही.

जेवताना त्यांच्या कोपरीच्या खिशात कॅलिपर असायचा. लोखंडाचे दोन वाकडे पाय असलेलं ते माप. काकींनी ताटात भाकरी टाकली की काकाजी ते बाहेर काढत, भाकरीला आडवं लावत, मग उभं लावत, आणि गंभीरपणे सांगत, "या अंगानं दोन सूत जास्त हाये."

"मोजून झाली असन त खा," काकी म्हणायच्या. "थंडी झाली त अजून आकसन थे, मंग पुन्हा मोजा लागन."

यावर काकाजी मला डोळ्यानं खुणावत. लोखंड थंड झालं की आकसतं, हे बायकोला ठाऊक आहे याचा त्यांना अभिमान होता.

मी त्यांचा भाडेकरू. कारंज्याच्या एका जिनिंग कारखान्यात सहायक फिटर होतो, वय तेवीस. काकाजी तेव्हा पंचावन्नच्या घरात. मला ते "मिस्त्री" म्हणत, काकी "बाबू" म्हणत. आज माझीच पंचेचाळिशी उलटली आहे. कुठं चार माणसं जमली की मी त्यांना भाकरीच्या आणि तांब्याच्या गोष्टी सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. त्यापुढची गोष्ट मी कधी सांगत नाही. या माणसाचा स्वतःच्या हातावर जो विश्वास होता, तो मी घालवला. आणि तोही आपण त्याच्यावर उपकार करतो आहोत अशा समजुतीनं. आज ती लिहून टाकतो. पण आधी माणूस कसा होता ते कळलं पाहिजे, नाहीतर हे नुसतं माझं रडगाणं व्हायचं.

काकाजींची शेती कामरगावकडं होती. ती धाकटा भाऊ बघायचा. कापूस, ज्वारी, तूर, सगळं त्याच्याच हाती. काकाजींचं शेतीत लक्ष नव्हतं; त्यांचं एकच कर्तृत्व होतं, ते म्हणजे बैल. शंकरपटात त्यांची जोडी पळायला लागली की लोक झाडांवर चढून बघत. अशी ती जोडी त्यांनी एके दिवशी देऊन टाकली. जिनातल्या एका पारशी इंजिनीअराला सवारीच्या दमणीसाठी बैल हवे होते. त्याच्या बंगल्याच्या मागं एक जुना लेथ पडून होता, शिवणयंत्रासारखा पायानं हाकायचा. लोखंडाचा तुकडा त्यात धरायचा, पाय मारायचा, तुकडा गरगर फिरतो, आणि हत्यार टेकवलं की त्यातून गोल, गुळगुळीत वस्तू निघते. काकाजींनी तो फिरताना पाहिला आणि तिथंच दोन्ही दोर इंजिनीअराच्या हाती दिले.

भाऊ ही गोष्ट जन्मभर विसरला नाही. कोणी विचारलं, की तुमची पटाची जोडी कुठं गेली, तर तो सांगायचा, "दादानं बदलून घेतली. आता एका जागी पयनारं जनावर आनलं हाये. वैरन लागत नाई, पन तेल पेते."

बैल गेल्यामुळं गोठा रिकामा झाला होता. लेथ तिथंच बसला. काकाजी त्याला "बुढी" म्हणत. सकाळी चहाच्या आधी बुढीला तेल. गोठ्यात जाताना पायातल्या वहाणा बाहेर. त्यांनी बुढीवर काय काय केलं असेल? गल्लीतल्या प्रत्येक घरच्या तांब्याला पितळेचं झाकण केलं, मागितलं नसतानाही. जात्याचे खुंटे, दमणीच्या चाकाच्या खिळी, घंटांचे लोळे. एक भवरा केला, तो इतका वेळ फिरायचा की बघणारे कंटाळून उठून जायचे, आणि काकाजी एकटे उकिडवे बसून तो पडायची वाट बघायचे.

काकींचा कान मात्र विलक्षण होता. त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "आज बुढी जास्त खाऊन राह्यली हो." म्हणजे हत्यार जास्त खोल लागलं आहे. काकाजी पाय थांबवून बघत, आणि हत्यार खरंच खोल लागलेलं असे. मी कारखान्यात तीन माणसांच्या हाताखाली शिकलो होतो, पण मला तो आवाज कधी ओळखता आला नाही.

बुढीत एक दोष होता. तुकडा धरून फिरवणारा जो मुख्य दांडा, ज्याला स्पिंडल म्हणतात, तो बारीक होता, भरीव होता आणि झिजलेला होता. भरीव असल्यामुळं लांब सळई त्याच्या आरपार घालता येत नसे, आणि झिजल्यामुळं तो केसभर डुगायचा. केसभरच. पण काकाजींना तेवढ्यानं जेवण गोड लागेना. त्यांनी ठरवलं की नवा स्पिंडल करायचा, जाड आणि पोकळ. तोही कुठून मागवायचा नाही. बुढीवरच करायचा.

"सासू आपल्या हातानं सून घडवनार हाये," ते म्हणाले. "तिले घाई कराची नाई."

"नव्या स्पिंडलवर काय करणार, काकाजी?" मी विचारलं.

"जुन्यावर जे वाकडं झालं थे."

लोखंड साधं चालणार नव्हतं. कामरगावच्या नाल्याजवळ एका मोटार-लॉरीचा आस मोडला होता, आणि त्याचा मोठा तुकडा भावानं वखरावर वजन म्हणून बांधला होता. आम्ही तो मागायला गेलो.

"थे वखराचं वजन हाये," भाऊ म्हणाला. "नेता त न्या, पन मंग तुमी बसा वखरावर."

काकाजी गावात हिंडले, एक दगड पसंत केला, आसाचा तुकडा आणि दगड दोन्ही वाण्याच्या काट्यावर तोलले. दगड थोडा जड भरला. त्यांनी छिन्नीनं त्याचा कोपरा उडवला, पुन्हा तोलला, आणि मग भावाच्या स्वाधीन केला. भाऊ त्या दगडाकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत माझ्याविषयी कीव होती.

परत येताना काकाजींनी तो तुकडा बैलगाडीत गोधडीत गुंडाळून निजवला आणि त्याचं एक टोक मांडीवर घेऊन बसले. रस्त्यात एक म्हातारी भेटली. "लय बिमार हाये का वो?" तिनं विचारलं.

"बिमार नाई," काकाजी म्हणाले. "वाकू नये म्हून निजवलं."

म्हातारीनं गोधडीला लांबूनच हात जोडले.

त्या तुकड्याचा स्पिंडल व्हायला पावसाळा आणि हिवाळा गेला. आधी तो गोवऱ्यांच्या ढिगात लाल होईपर्यंत तापवला आणि राखेत दोन दिवस निववला, म्हणजे नरम पडावा. मग बुढीवर बाहेरून कातला. मग आरपार भोक. एवढ्या लांबीचं भोक एका बाजूनं पाडलं तर ते भरकटतं, म्हणून अर्धं या टोकानं आणि अर्धं त्या टोकानं. दोन्ही भोकं मध्ये भेटली पाहिजेत. ज्या दिवशी ती भेटली, त्या दिवशी काकाजी स्पिंडल हातात घेऊन ओट्यावर आले, डोळ्याला लावून आभाळाकडं बघितलं आणि बराच वेळ खाली घेतला नाही. मग त्यांनी गल्लीतल्या एकेकाला बोलावून त्यातून बघायला लावलं. समोरच्या शिंप्यानं एक डोळा मिटून पाहिलं.

"काय दिसते?" काकाजींनी विचारलं.

"आभाय दिसते."

"मंग?"

"आभाय त असंबी दिसते, काकाजी."

"थे इकडून तिकडून दिसते," काकाजी म्हणाले. "हे शिदं हाये."

शिंपी स्पिंडल परत देऊन मशीनवर जाऊन बसला. पण मी त्या भोकातून बघितलं होतं. मध्यावर, जिथं दोन्ही बाजू भेटल्या, तिथं पायरी नव्हती. हौशी माणसाच्या हातून, पायानं हाकायच्या डुगडुगत्या लेथवर, असं भोक पडणं ही सोपी गोष्ट नव्हती. मी कारखान्यातल्या मोठ्या लेथवर ते केलं असतं तर मिरवलं असतं. त्यांना मात्र मी एवढंच म्हणालो, "बरं झालं." शाबासकी द्यायला माझी जीभ जड झाली. पुढं जे घडलं त्याचं मूळ बहुधा तिथंच असावं.

आता मागं फिरता येणार नाही अशी वेळ आली. नवा स्पिंडल जाड होता. तो ज्या दोन कड्यांत फिरायचा, त्या कड्या म्हणजे काशाचे बुश, नवे आणि मोठे हवेत. ते बसवायला लेथच्या डोक्यातली भोकंही मोठी करायला हवीत. एकदा ती मोठी केली की जुना स्पिंडल तिथं कधीच बसणार नव्हता. काकाजी हत्यार लावून तयार झाले आणि दिवसभर नुसते बसून राहिले.

संध्याकाळी काकी दारात आल्या. "कापाचं असन त कापा, नाई त जेवाले या."

काकाजी जेवायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुना स्पिंडल तेलाच्या फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवला आणि कापायला सुरुवात केली.

बुश बसले, आणि मग खरं काम सुरू झालं. ते खरडण्याचं. बुशातलं भोक कितीही गोल वाटलं तरी त्यात उंचवटे असतात, हाताला न कळणारे. स्पिंडलला काजळाचा पातळ हात द्यायचा, बुशात ठेवून एक फेरा द्यायचा, काढायचा. जिथं काळं लागलं तिथं उंचवटा. तो धारदार हत्यारानं केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढा खरडायचा, पुसायचा, पुन्हा काजळ, पुन्हा फेरा. असं करत करत सगळीकडं सारखं काळं लागलं पाहिजे. काकाजींना बाजारचा रंग चालेना. काकी एरंडेलाच्या दिव्यावर वाटी धरून काजळ पाडून देत. दिवसाला दहा-बारा फेरे. आठवडे गेले. काळं इथं लागायचं, तिथं लागायचं, सगळीकडं लागायचं नाही.

एके दिवशी मला धातू घासायच्या भुकटीची, एमरीची, आठवण झाली. मी म्हणालो, "काकाजी, जरा बारीक एमरी पावडर तेलात कालवून फिरवा. दोन तासांत बसेल."

त्यांनी हत्यार खाली ठेवलं. "मिस्त्री, काश्याले एमरी दाखवाची नाई. नरम धातू हाये थो. रेती गियते अन् पोटात ठेवते. धुतली तरी निंगत नाई. मंग थेच रेती स्पिंडलले जल्मभर कुरतडते."

हे त्यांना त्या पारशी इंजिनीअरानं सांगितलं होतं. खरं होतं. पण मी मनात म्हणालो, हा ऐकीव धर्म आहे. मी कारखान्यात वाफेच्या इंजिनाच्या झडपा एमरीनंच घासून बसवल्या होत्या. तिथं दोन्ही बाजूंना कडक धातू असतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही असं लिहिलं तर तेही खोटं होईल. ध्यानात आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

त्याच सुमारास मला अकोल्याच्या एका कारखान्यात चांगली जागा मिळाली. जायला आठ दिवस होते. नवा स्पिंडल फिरताना पाहून जावं असं फार वाटत होतं, आणि काकाजींची गती बघता ते शक्य नव्हतं. तेवढ्यात त्यांच्या पुतणीचं लग्न मेडशीला निघालं. ते दोन दिवसांसाठी गेले. काकींचा पाय मुरगळला होता, त्या घरीच राहिल्या.

रविवार होता. मी कारखान्यातून चिमूटभर बारीक एमरी आणली होती. ती तेलात कालवली, बुशांना लावली, स्पिंडल बसवला आणि दुपारी दीड तास हातानं फिरवत बसलो. काकी लंगडत गोठ्याच्या दारापर्यंत आल्या.

"बाबू, हे काय चाळून राह्यले?" त्यांनी विचारलं. "रेती चाळल्यासारखं वाजते."

"साफ करतोय, काकी," मी म्हणालो.

मग घासलेटनं सगळं तीनदा धुतलं. बुश आरशासारखे चमकत होते. मी काजळ पुसून ठेवलं आणि काकाजींचं हत्यार ते ठेवून गेले होते त्याच जागी, त्याच कोनात ठेवलं.

काकाजी परत आले ते लग्नाच्या अक्षता पागोट्यात घेऊनच गोठ्यात गेले. काजळाचा हात दिला, स्पिंडल बसवला, एक फेरा दिला, काढला. मी त्यांच्या मागं उभा होतो. काळं सगळीकडं लागलं होतं. काठापासून काठापर्यंत, एकसारखं. त्यांनी पुसून पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं.

"जाताना जे खरडलं, थेच शेवटचं होतं," ते हळूच म्हणाले. "मले कयलं नाई. हात बसला, मिस्त्री. माहा हात बसला."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला आनंद होतो आहे तर होऊ द्यावा. आपण गुपचूप दान केलं. खरं सांगायचं तर त्या दानाची मला मनातून मजा वाटत होती. संध्याकाळी स्पिंडल फिरला. तिळभर डुगला नाही. काकाजींनी गल्लीभर जिलबी वाटली, समोरच्या शिंप्याला स्वतःच्या हातानं भरवली, आणि तो "कायची जिलबी हाये?" म्हणाला तेव्हा आपला उजवा हात त्याच्यापुढं धरला. दुसऱ्या दिवशी कामरगावहून भाऊ आला, त्यालाही हात दाखवला. भाऊ म्हणाला, "काय झालं हाताले?"

चार-पाच दिवसांनी मी छोट्या आगगाडीनं मूर्तिजापूर गाठलं आणि तिथून अकोल्याला गेलो.

सहा महिन्यांनी काकाजींचं पत्र आलं. स्पिंडल कुरकुरायला लागला होता, मग तापायला लागला, मग त्यावर ओरखडे उठले, आणि एके सकाळी तो जाम झाला. पत्रात दुसऱ्या कोणाचा दोष नव्हता. "माप चुकलं असेल," त्यांनी लिहिलं होतं, "किंवा भोक वाटलं तितकं सरळ नसेल. त्या दिवशी आनंदाच्या भरात डोळ्यानं नीट पाहिलं नाही. वय झालं की हात माणसाला फसवतो, हे आधी कळत नाही." मी उत्तर पाठवलं, की आसाचं पोलादच खराब असावं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पत्र टाकल्यावर मला स्वतःची इतकी शिसारी आली, की दोन दिवस मी नीट जेवलो नाही. पण दुसरं पत्र लिहिलं नाही.

नंतर नऊ वर्षं मी वर्षाकाठी एकदा तरी कारंज्याला जायचो. प्रत्येक वेळी सांगायचं ठरवून जायचो आणि पेरू घेऊन परत यायचो. बुढीवर पोत्याचं कापड पडलं होतं. जुना स्पिंडल बसत नव्हता, नवा फिरत नव्हता. चाकाची खिळी घेऊन कोणी आलं तर काकाजी म्हणायचे, "जिनात घेऊन जा बाप्पा. माहा हात आता भरवशाचा नाई." ते मजेनंच बोलायचे, समोरचा हसायचा. मी हसायचो नाही, तेव्हा ते मलाच विचारायचे, "काहून मिस्त्री, अकोल्याले हसू मियत नाई का?"

नवव्या वर्षी काकींनी मला चुलीजवळ बोलावून एक गोष्ट सांगितली.

"थे आता भाकर मोजत नाईत, बाबू. मी मुद्दाम वाकडी करून पाह्यली. पार पपईसारखी केली. गुमान खाल्ली."

"कॅलिपर कुठं आहे?"

"देला कोनाले तरी."

मी उठलो, ओट्यावर काकाजींच्या समोर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. एमरी, रविवार, घासलेट, त्यांच्या हत्याराचा कोन, माझं पत्र. काही वगळलं नाही. काकी मागं दारात येऊन उभ्या राहिल्या. काकाजी ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, त्यामुळं ते माझ्याकडं बघत आहेत की माझ्या मागच्या भिंतीकडं, ते कळत नव्हतं.

"एमरी कोनती? जाडी का बारीक?" त्यांनी विचारलं.

"बारीक."

"किती टाइम?"

"दीडएक तास," मी म्हणालो, आणि लगेच दुरुस्त केलं, "दीड तास."

"म्हंजे माप बराबर होतं."

"हो."

"भोक शिदं होतं."

"हो, काकाजी. अगदी सरळ होतं. मी पाहिलं होतं, तेव्हा बोललो नाही."

"पोलादबी खराब नव्हतं."

"नव्हतं."

त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा होत होता, आणि मला वाटलं, झालं, नऊ वर्षांचं ओझं उतरलं, त्यांचंही आणि माझंही. तेवढ्यात ते म्हणाले, "अन् मी मेडशीहून आलो त्या दिशी काजय सारखं लागलं, थे माहं नव्हतं."

या वाक्याची तयारी मी कधी केलीच नव्हती. हात चुकला हे खोटं होतं, ते मी काढून घ्यायला आलो होतो. पण हात बसला हेही खोटं होतं. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस कोणता, असं कोणी विचारलं असतं तर त्यांनी तोच सांगितला असता.

"नाही," मी म्हणालो. "ते माझं होतं."

"मंग गल्लीभर जिलबी वाटली थे कायची?" काकींनी मागून विचारलं.

"थे मिस्त्रीची," काकाजी म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. ते उठले, भिंतीला हात लावत गोठ्यात गेले आणि दार आतून लावून घेतलं. गाडीची वेळ झाली तरी ते बाहेर आले नाहीत. काकींनी मला पेरू दिले नाहीत, किंवा त्यांना आठवण राहिली नाही. मी तेही विचारलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्यांनी ओताऱ्याकडून नवे बुश ओतून आणले. भोकं हातानं पाडली. स्पिंडलवरचे ओरखडे तेलाच्या दगडावर घासून काढले, आणि पुन्हा काजळ घेऊन खरडायला बसले. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून काळं कुठं लागलं ते काकी सांगायच्या. या सगळ्याला चौदा महिने लागले. काकाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. बुढी मेडशीला पुतणीच्या नवऱ्याकडं आहे आणि चालते. मी एकदा मुद्दाम जाऊन फिरवून पाहिली. ती डुगत नाही.

पण मला आठवतं ते त्या चौदा महिन्यांतलं पहिलं जाणं. कबुलीनंतर दोन-अडीच महिन्यांनी, दिवाळीच्या सुट्टीत, धीर करून गेलो. काकी दारातच भेटल्या.

"आत येऊ देनार नाई म्हनतात," त्या म्हणाल्या. "अठी बसा. चहा आनतो."

गोठ्याचं दार लावलेलं होतं. मी बाहेरच्या दगडावर बसलो. आतून खरडण्याचा आवाज येत होता. थोडा वेळ यायचा, मग पुसल्याचा, मग फेऱ्याचा, मग पुन्हा खरडण्याचा. अजिबात घाई नव्हती त्याला. चहा आला, मी प्यालो. दुपार कलली. शेवटी न राहवून मी दाराशी तोंड नेऊन म्हणालो, "काकाजी, काही मदत लागली तर सांगा."

खरडणं थांबलं.

"लागली त सांगीन," ते म्हणाले. "तठीच बसा तुमी. जाऊ नका. पन कायलेबी हात लावू नका."

मी दगडावर परत जाऊन बसलो. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ते तिथंच राहू दिले.